दोनदा रेझिस्टर जळला, आता ब्लोअर थापेवर चालतो: मोटर स्वतः बदलता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी आठ वर्षांची आहे. आधी एसीचा पंखा, म्हणजे ब्लोअर, १, २, ३ वर चालेनासा झाला, फक्त ४ वर पळायचा. रेझिस्टर (पंख्याचा वेग कमी करणारा भाग) बदलल्यावर सगळे स्पीड परत आले, पण तीन महिन्यांत नवा रेझिस्टरही गेला. आता ४ वरसुद्धा पंखा मधेच थांबतो आणि डॅशबोर्डखाली थाप मारली की पुन्हा सुरू होतो. मोटर बदलावी लागेल का, आणि घरी बदलता येईल का?

मोटर गेली असावी असं मलाही वाटतं, आणि बहुतेक गाड्यांत ती घरी बदलता येते. पण तुमच्या हकिगतीत थापेपेक्षा मला दुसऱ्यांदा जळालेला रेझिस्टर जास्त खटकला. रेझिस्टर सहसा आपणहून मरत नाही, त्याला कोणीतरी मारतं. मारणारा बहुतेक वेळा मोटरच असते, कधी ढिला कपलर (वायरी जोडणारा प्लग) असतो, कधी गाडीत शिरणारं पाणी. तो सापडल्याशिवाय नवी मोटर बसवलीत तर वर्षभरात तुम्ही पुन्हा ग्लोव्ह बॉक्स उघडून बसाल. मी या कामात नवा होतो तेव्हा एकाच गाडीत दोन मोटरी बसवल्या. दुसऱ्यांदा मोटर काढली तेव्हा तिच्यातून पाणी ओघळलं. पहिल्या मोटरीवरचा गंज मी पाहिला होता, पण तो कुठून आला हे विचारलंच नव्हतं.

आधी हे यंत्र चालतं कसं ते बघू, म्हणजे पुढची तपासणी पाठ करावी लागणार नाही. साध्या एसीच्या गाडीत ब्लोअर म्हणजे १२ व्होल्टची, कार्बनवर (फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या ठोकळ्यांवर) चालणारी मोटर आणि तिच्या दांड्यावर पिंजऱ्यासारखा गोल पंखा. ती हवा कूलिंग कॉइल आणि हीटर यांतून ढकलते. म्हणजे एसी असो की हीटर, मोटर एकच. ४ वर मोटरला बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज थेट मिळतं, रेझिस्टरचा तिथे संबंध नसतो. १, २, ३ वर करंट रेझिस्टरच्या तारांतून जातो आणि मोटरच्या वाट्याला कमी व्होल्टेज येतं. म्हणूनच रेझिस्टर गेला की फक्त ४ उरतो. मधल्या एखाद्या स्पीडला मोटर ६ अँपिअर घेत असेल आणि रेझिस्टरवर ७ व्होल्ट पडत असतील, तर ४२ वॉट उष्णता त्या चिमुकल्या तारेत तयार होते. ती सहन व्हावी म्हणून रेझिस्टर मुद्दाम हवेच्या वाटेत बसवलेला असतो. पंखा त्याला थंड ठेवतो, म्हणून तो जगतो.

आता समजा मोटरचे बुश (दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या) सुकले किंवा पंख्यात पालापाचोळा अडकला. मोटर जड फिरते, करंट वाढतो, हवा कमी होते. रेझिस्टरला दोन्हीकडून मार बसतो. त्याच्यावर एक छोटा थर्मल फ्यूज असतो, तो वितळतो आणि काम तिथेच थांबतं. काही जण त्या थर्मल फ्यूजवर तार टाकून जोड देतात. तसं कधीही करू नका. डॅशबोर्डच्या आत, प्लॅस्टिक आणि सुक्या पानांच्या शेजारी लालबुंद होऊ शकणारी तार ठेवण्यासारखं आहे ते.

एसीचा हवेचा फिल्टर तुंबला की मोटरवर ताण येतो, हे सगळीकडे ऐकायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे. या जातीच्या पंख्याची वाट अडवली तर त्याच्याकडून हवा कमी हलते, त्यामुळे तो उलट हलका होऊन जोरात फिरतो आणि करंट थोडा उतरतो. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीवर हात ठेवला की आवाज चढतो ना, तसंच. नुकसान दुसऱ्या वाटेनं होतं. रेझिस्टरला आणि मोटरच्या पोटाला थंड करणारी हवाच मिळत नाही. म्हणून फिल्टर बदलाच, पण फिल्टर बदलला म्हणजे मोटरचा आजार बरा झाला असं समजू नका.

आता तपासणी. बोनेट किंवा डॅशखालच्या डब्यात ब्लोअरचा फ्यूज असतो, बहुतेक गाड्यांत ३० किंवा ४० अँपिअरचा. तो नुसता बघू नका, उपटून त्याचे पाय बघा. पाय काळे किंवा निळसर झाले असतील, प्लॅस्टिक वितळलं असेल, तर जोडणी ढिली आहे किंवा मोटर जास्त करंट खाते आहे. फ्यूज उडालेला असेल तर मोठा फ्यूज घालण्याचा मोह टाळा. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. तो मोठा केला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते.

फ्यूज ठीक असेल तर ग्लोव्ह बॉक्स उघडून मोटरपर्यंत पोचा (तो कसा काढायचा ते खाली आहे) आणि पंखा ४ वर ठेवून थापेची परीक्षा नीट घ्या. डॅशबोर्डवर थाप मारल्यानं काहीच सिद्ध होत नाही, कारण त्या धक्क्यानं मोटरही हलते, कपलरही हलतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं फक्त मोटरच्या बुडावर हलकी टिचकी मारा. मोटर फिरू लागली तर कार्बन झिजलेत किंवा कम्युटेटरवर (कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्यावर) खाच पडली आहे. मग मोटरला हात न लावता नुसता कपलर डावी-उजवीकडे हलवा. त्यानं पंखा चालू-बंद झाला तर गुन्हेगार जोडणी आहे, आणि मोटर बदलणं म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी.

मीटर लावताना एक गोष्ट बऱ्याच जणांना फसवते. कित्येक गाड्यांत मोटरला फ्यूज-रिलेकडून थेट १२ व्होल्ट येतात आणि स्विच व रेझिस्टर अर्थच्या, म्हणजे निगेटिव्ह बाजूला असतात. अशा गाडीत मोटरची एक पिन आणि गाडीची बॉडी यांच्यात मोजलंत तर १२ व्होल्ट दिसतात आणि माणूस म्हणतो, ‘सप्लाय येतोय, म्हणजे मोटर मेली.’ पण अर्थच मिळत नसेल तर मोटर फिरणार कशी? म्हणून कपलरच्या दोन्ही पिनांमध्ये मोजा, तेही कपलर लावलेला असताना, मागच्या बाजूनं बारीक पिना घालून. ४ वर दोन पिनांमध्ये ११-१२ व्होल्ट आहेत आणि तरी मोटर गप्प, तर मोटर गेली. तिथे ४-५ व्होल्टच दिसले, तर कुठेतरी वाटेत व्होल्टेज गळतं आहे.

मीटर नसेल तर इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब दोन वायरी लावून वापरा. खरं तर मला तो मीटरपेक्षा प्रामाणिक वाटतो. गंजलेल्या, एकाच तंतूवर टिकलेल्या जोडणीतूनही मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ घेतच नाही. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. फार कुजलेली जोडणी तेवढाही करंट देऊ शकत नाही आणि बल्ब मिणमिणतो.

आता कपलर काढून पिना बघा. तुमच्या गाडीत दोन रेझिस्टर जळालेत, म्हणजे तिथे तपकिरी डाग असण्याची शक्यता बरीच आहे. मोटर ४ वर २० अँपिअर घेत असेल आणि एका ढिल्या पिनेला फक्त ०.१ ओहमचा अडथळा असेल, तर २ व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि ४० वॉट उष्णता त्या एका पिनेत साठते. लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं, यावरून कल्पना करा. असा भाजलेला कपलर पॉलिश पेपरनं घासून पुन्हा लावणं म्हणजे दुखणं पुढे ढकलणं. तापलेल्या पिनेची स्प्रिंग मेलेली असते, ती पुन्हा घट्ट धरत नाही. कपलर वायरीच्या तुकड्यासकट मिळतो. तो जुन्या वायरीइतक्याच जाडीचा घ्या आणि जोड नीट क्रिम्प करून (पकडीनं दाबून पक्का करून) हीट-श्रिंक नळी चढवा. वायर पिळून वर टेप गुंडाळण्याची जागा ही नव्हे.

करंट मोजता आला तर दुधाचं दूध, पाण्याचं पाणी होतं. डीसी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) ब्लोअरच्या एका वायरीवर लावा, इंजिन चालू, पंखा ४ वर. बऱ्याच गाड्यांत १५ ते २५ अँपिअर दिसतात. आकडा गाडीगणिक बदलतो, म्हणून फ्यूजशी तुलना करा. ३० च्या फ्यूजवर मोटर सारखी २७-२८ घेत असेल तर ती आजारी आहे, मग ती कितीही सुरळीत फिरो. रेझिस्टर मारणाऱ्या मोटरी अशाच असतात, चालताना कुणाला शंका येत नाही.

मोटरवर आळ येतो पण तिचा दोष नसतो, अशी काही दुखणीही आहेत. तासभर एसी लावून गाडी चालवल्यावर हवा हळूहळू कमी होत जाते, पण मोटरचा आवाज तसाच असतो. एसी बंद करून पंखा तसाच ठेवला की पंधरा-वीस मिनिटांत हवा परत येते. ही मोटर नाही, कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो आहे. कारण थर्मिस्टर (तापमान ओळखणारा सेन्सर), कमी गॅस किंवा तुंबलेला फिल्टर. आवाज पूर्ण, पण हवा फक्त काचेवर आणि समोरच्या जाळ्यांतून काहीच नाही, तर आतली झडप अडकली आहे. आणि चावी काढली तरी पंखा चालूच राहतो, असं ऑटोमॅटिक एसीच्या गाडीत झालं तर बहुधा रेझिस्टरच्या जागी असलेलं ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल शॉर्ट झालेलं असतं. तेव्हा ताबडतोब ब्लोअरचा फ्यूज उपटा, नाहीतर सकाळी बॅटरी मेलेली असेल.

आवाजावरूनही बरंच कळतं. टर्रर्र असा पत्ते फडफडल्यासारखा आवाज म्हणजे पंख्यात पान किंवा फिल्टरचा फाटका तुकडा, मोटर धडधाकट असू शकते. थंडीत सुरू करताच चिरचिर आणि गरम झाल्यावर गप्प, हे सुकलेले बुश. घरघर आणि सोबत डॅशबोर्डचं थरथरणं म्हणजे पंखा असंतुलित, एखादं पातं तुटलं असेल किंवा उंदरानं आत बिऱ्हाड केलं असेल. हा विनोद नाही. पंख्यात चिंध्या, फोम आणि शेंगांची टरफलं मी स्वतः काढली आहेत.

बुशमध्ये तेल घालून चालेल का, हा पुढचा प्रश्न ठरलेला. चालतं, थोडे दिवस. मोटर काढून दांड्याच्या तोंडाशी हलक्या मशीन ऑइलचा एकच थेंब सोडला तर चिरचिर काही आठवडे थांबते. गंज सोडवायचा स्प्रे मात्र मारू नका. तो बुशमध्ये मुरलेलं उरलंसुरलं तेल धुऊन काढतो आणि कार्बनची भुकटी चिखलासारखी कम्युटेटरवर बसवतो. तुमची मोटर थापेवर आली आहे, तिला तेलाचा उपयोग नाही.

नवी मोटर घेताना गाडीचं नाव आणि वर्ष सांगून भागत नाही. त्याच मॉडेलमध्ये साध्या आणि ऑटोमॅटिक एसीच्या मोटरी वेगळ्या असू शकतात. उजव्या आणि डाव्या स्टीअरिंगच्या गाड्यांतही बरेचदा फरक असतो, कारण हवेचा डबा आरशातल्यासारखा उलटा असतो आणि पंख्याची फिरण्याची दिशाही. जुनी मोटर हातात असल्याशिवाय मी नवी घेत नाही. पंख्याचा व्यास आणि उंची, कपलरची खाच, स्क्रूंची भोकं, थंड हवेच्या नळीचं तोंड आणि पात्यांचा वाक, एवढं शेजारी ठेवून ताडून बघायचं. दिशेची चूक फसवी असते. हा पिंजऱ्याचा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूला फेकतो, फक्त अगदी कमी. एकदा एका गाडीत नवी मोटर बसवूनही हवा कमीच म्हणून आम्ही फिल्टर, झडपा, वायरिंग असं सगळं धुंडाळलं आणि शेवटी मोटर काढून पात्यांकडे पाहिलं. वाक उलटा होता.

शक्यतो पंख्यासकट मोटर घ्या. जुना पंखा काढून नव्या दांड्यावर ठोकताना दांडा वाकतो किंवा पंखा आत-बाहेर बसतो, आणि कारखान्यात केलेलं संतुलन बिघडतं. पंख्याच्या पात्यांवर एखादी बारीक धातूची क्लिप दिसली तर ती कचरा नाही, ते संतुलनाचं वजन आहे. तसंच ठेवा.

आता प्रत्यक्ष काम. चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा आणि थांबा. डॅशबोर्डच्या त्या बाजूला पॅसेंजरची एअरबॅग असते, काही गाड्यांत गुडघ्यापाशीही असते, आणि तिच्या यंत्रणेत बॅटरी सोडल्यावरही थोडा वेळ वीज साठलेली राहते. मी दहा मिनिटं थांबतो, तेवढ्यात हत्यारं काढून होतात. पिवळा कपलर किंवा पिवळ्या नळीतली वायर एअरबॅगची असते, तिला हात लावायचा नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत ब्लोअर बहुतेक १२ व्होल्टवरच चालतो, पण हीटर आणि एसीच्या कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या नारिंगी केबली उच्च दाबाच्या (हाय व्होल्टेजच्या) असतात. तिथे घरचा प्रयोग नको. बॅटरी सोडण्याआधी स्टीरिओचा कोड लागतो का तेवढं बघून ठेवा.

ग्लोव्ह बॉक्स रिकामा करा, उघडा आणि दोन्ही बाजूंच्या भिंती आत दाबा. अडवणारे खुंट सुटतात आणि डबा खाली लोंबतो. बाजूला डॅम्परची दोरी किंवा दांडी असेल तर ती आकड्यातून सोडवा. बिजागरी बहुधा नुसत्या ओढून निघतात. काही गाड्यांत मात्र डबा चौकटीसकट स्क्रूंनी बसवलेला असतो आणि एक स्क्रू हमखास कुलपाच्या आकड्यामागे लपलेला असतो. डबा सुटत नसेल तर जोर लावू नका, तो स्क्रू शोधा. थंडीत प्लॅस्टिक कडक होऊन चटकन मोडतं, म्हणून अशा दिवशी बॅटरी सोडण्याआधी गाडी आतून थोडी गरम करून घ्या. प्रत्येक टप्प्याला मोबाइलनं फोटो काढा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर मागची वायर टोचतो.

पायांच्या जागेत पाठीवर पडून वर बघा. गोगलगाईसारखा गोल प्लॅस्टिकचा डबा दिसेल, त्याच्या बुडाशी मोटर आणि तिच्यात दोन जाड वायरींचा कपलर. खाली जाजमाचं कव्हर आडवं असेल तर त्याच्या क्लिपा सोडा. कपलरचं लॉक दाबून कपलर ओढा, वायरी ओढू नका. भाजलेल्या पिना चिकटलेल्या असतात, तेव्हा थोडं हलवत हलवत काढा. मोटरला थंड हवेची रबरी नळी असेल तर तीही सोडा. ही नळी परत लावायला पुष्कळ जण विसरतात, आणि मग नवी मोटर आतून भाजत राहते.

मोटर बहुधा तीन स्क्रूंनी धरलेली असते. दोन समोर, हसतमुख. तिसरा मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) बाजूला, जिथे हात जातो पण नजर नाही. त्याच्यासाठी बुटका स्क्रू ड्रायव्हर किंवा पाव इंची रॅचेट आणि टोकाला चुंबक हवं. हा स्क्रू आधी सोडा. तोच निघाला नाही तर बाकीचे सोडून उपयोग नाही, आणि हात ताजा असताना कठीण काम उरकलेलं बरं. काही गाड्यांत स्क्रूच नसतात. एक जीभ दाबून मोटर थोडी फिरवली की सुटते. शेवटचा स्क्रू निघताना खाली तळहात धरा, आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. मोटरबरोबर वर्षांचा कचरा अंगावर येतो.

अनेकांना भीती असते की यात एसीचा गॅस जाईल. जात नाही. ब्लोअर फक्त हवेच्या डब्यात असतो, गॅसच्या पाइपांशी किंवा हीटरच्या पाण्याशी त्याचा संबंध नाही. ब्लोअर बदलताना गॅस भरावा लागला असं कोणी सांगितलं, तर कशासाठी ते जरूर विचारा.

मोटर हातात आली की घाई करू नका. पुढची दहा मिनिटं सगळ्यात मोलाची आहेत, कारण मृत्यूचं कारण इथेच सापडतं. दांडा बोटांनी फिरवा: जड आहे, खरखर आहे, की बाजूला हलतो? मोटरच्या बुडाशी काळी भुकटी म्हणजे झिजलेले कार्बन, म्हणजे नैसर्गिक म्हातारपण. गंज, पांढरट क्षार किंवा पाण्याच्या पातळीच्या रेषा दिसल्या तर पाणी येतं आहे. मग ते कुठून, ते शोधायचं. काचेच्या खाली, वायपरपाशी, पावसाचं पाणी वाहून जायची भोकं असतात. ती पानांनी तुंबली की पाणी हवेच्या तोंडातून थेट ब्लोअरवर पडतं. तिथे बाटलीभर पाणी ओता आणि कुणाला तरी आत बघायला सांगा. एसीच्या पाण्याची नळी तुंबली असेल तर पाणी डब्यात साठतं. वळणावर डॅशबोर्डमागे पाणी हेलकावल्याचा आवाज येतो आणि एसी चालू असताना गाडीखाली थेंब पडत नाहीत. गोडसर वास आणि काचेवर चिकट धुकं असेल तर हीटर कोर (हीटरचा छोटा रेडिएटर) गळतो आहे, आणि ते वेगळं, मोठं काम आहे.

मोकळ्या झालेल्या डब्यात व्हॅक्यूमची नळी घालून सगळा कचरा ओढून घ्या. फुंकणी मारू नका, ती पानं पुढे कूलिंग कॉइलमध्ये कोंबते. याच वेळी रेझिस्टरही काढा. तो बहुधा जवळच दोन स्क्रूंवर असतो. तुमचा रेझिस्टर जळालेलाच आहे, म्हणून मोटर, रेझिस्टर आणि भाजला असेल तर त्याचाही कपलर, हे सगळं एकत्रच बदला. जुन्या मोटरीवर नवा रेझिस्टर लावून तुम्ही एकदा बघितलं आहेच.

नवी मोटर बसवण्याआधी एकदा फिरवून बघायची असेल तर मधे फ्यूज घालून बॅटरीवर दोन-तीन सेकंद लावा. मोटर पक्की धरा, सुरू होताना ती झटका देते. पण मोटरला दोनऐवजी तीन-चार वायरी असतील आणि त्यांतल्या काही बारीक असतील तर हा प्रयोग करू नका. तिच्या पोटात इलेक्ट्रॉनिक्स आहे. ती नुसत्या १२ व्होल्टवर फिरणार नाही, आणि चुकीच्या पिनेला वीज दिलीत तर कायमची जाईल. अशी मोटर स्कॅनर असलेल्याकडूनच तपासून घ्यावी.

बसवताना जुनं फोमचं सील खराब असेल तर बदला, नाहीतर शिट्टी वाजते. तिन्ही स्क्रू आधी हातानं दोन-तीन आटे लावा, मग कसा. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू लावताना आधी उलटा फिरवायचा. ‘टक’ करून तो जुन्या आट्यात बसल्याचं जाणवतं, मग सुलटा. थेट सुलटा रेटला तर नवे आटे पडतात आणि दोन-तीन वेळा उघड-बंद केल्यावर भोकच निकामी होतं. कपलर लावण्याआधी फिल्टरच्या खिडकीतून बोट घालून पंखा फिरवून बघा, कुठे घासत नाही ना. मग कपलर, थंड हवेची नळी, नवा फिल्टर. फिल्टरशिवाय गाडी एक दिवसही चालवू नका, पानं तिथूनच आत जातात.

बॅटरी जोडायच्या आधी त्या भागातले सगळे कपलर जागेवर आहेत ना ते बघा. एअरबॅगचा एखादा कपलर सुटा असताना चावी फिरवली तर डॅशबोर्डवर तिचा दिवा लागतो आणि तो बहुतेक गाड्यांत स्कॅनरशिवाय विझत नाही. ऑटोमॅटिक एसी असेल तर चावी चालू करून मिनिटभर कुठलंही बटण दाबू नका, कित्येक गाड्यांत झडपा तेव्हा आपल्या जागा नव्यानं शोधतात. काचांचं एका स्पर्शात वर जाणं बंद पडलं असेल तर काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवा, बहुतेक गाड्यांत ते परत येतं.

साध्या गाडीत सरावलेल्या हाताला अर्धा तास लागतो, पहिल्यांदा करणाऱ्यानं निवांत दोन तास धरावेत. काही जुन्या गाड्यांत मात्र ब्लोअर बोनेटखाली, वायपरच्या यंत्रणेमागे असतो. तिथे वायपरच्या जागा काचेवर टेपनं खुणावून मगच ते काढा. आणि मोटरपर्यंत जायला डॅशबोर्डच उतरवावा लागणार असेल, किंवा गुडघ्याची एअरबॅग मधे येत असेल, तर माझा सल्ला सरळ आहे: गॅरेजला द्या. तिथे बदलायचा भाग तोच असतो, पण चुकीची किंमत वेगळी असते. काम होईपर्यंत पावसात किंवा धुक्यात गाडी काढणं टाळा, ब्लोअर नसेल तर समोरची काच साफ राहत नाही.

सगळं बसल्यावर इंजिन चालू करून चारही स्पीड बघा, बाहेरची हवा आणि आतली हवा अशा दोन्ही स्थितींत. क्लॅम्प मीटर असेल तर ४ वरचा करंट मोजून ग्लोव्ह बॉक्सच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवा, पुढे शंका आली तर तुलनेला लागतो. मग पंखा २ वर दहा मिनिटं आणि ४ वर दहा मिनिटं चालवा, आणि बंद करून लगेच मोटरच्या व रेझिस्टरच्या कपलरला बोट लावा. कोमट लागला तर ठीक. बोट टेकवत नसेल तर ग्लोव्ह बॉक्स अजून लावू नका, ती जोडणी पुन्हा करा.